प्लगमध्ये रोपं का कोलमडतात आणि काड्या का काळ्या पडतात

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या एका ताईंनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोकोपीटच्या म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्श्याच्या चकत्या आणल्या, जाळीत बांधलेल्या आणि पाण्यात टाकल्या की फुगणाऱ्या. यांनाच प्लग म्हणतात. त्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये खेटून मांडल्या आणि ट्रे गच्चीत ठेवला. काहींत टोमॅटो आणि ढोबळी मिरचीचं बी टाकलं, काहींत शेवंतीच्या आणि गुलाबाच्या काड्या खोचल्या. कोकोपीट कोरडं पडू नये म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ पाणी दिलं. टोमॅटो उगवला, पण आठवड्याभरात बुंध्याशी बारीक होऊन आडवा पडला. मिरची तीन आठवडे झाले तरी वर आलेली नाही. शेवंतीच्या काड्यांना कळ्या आल्या पण मुळ्या नाहीत, आणि गुलाबाच्या काड्या खालून काळ्या पडल्या. प्लगच खराब निघाले का, आणि गावाकडच्या पाच गुंठे काळ्या जमिनीसाठी रोपं अशा प्लगमध्ये करावीत का, असं त्या विचारतात.

ताई, प्लग खराब असण्याची शक्यता फार कमी आहे. मी जुन्नर तालुक्यात भाजीपाल्याची आणि फुलझाडांची रोपवाटिका चालवतो. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेकांच्या मुळाशी पाणीच असतं, आणि तेही कमी नाही, जास्त. तुमच्याकडे त्यात थंडीची भर पडली. शेवंतीचं कारण मात्र पूर्ण वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

आधी प्लगमध्ये पाणी कसं वागतं ते नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. भांडी घासायचा एक जाड स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि हातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. तुम्ही तो पिळला नाही, हलवला नाही, तरी खालच्या टोकातून पुन्हा धार लागेल. स्पंज तोच, पाणीही तेच, फक्त उंची वाढली. बारीक छिद्रांत धरलेलं पाणी वरच्या थराच्या वजनानं खाली ढकललं जातं, पण तळाशी ठरावीक उंचीचा एक थर कायम भिजलेलाच राहतो. कुंडी एक फूट उंच असली तर हा थर तळाशी कुठेतरी राहतो आणि मुळ्या वर मोकळ्या हवेत वाढतात. प्लगची उंचीच जेमतेम चार सेंटीमीटर. म्हणजे पाणी गळून गेल्यावरसुद्धा प्लगचा खालचा मोठा भाग चिंब असतो. त्यावर पुन्हा संध्याकाळी झारी फिरवली की हवेला जागाच उरत नाही. शेतात ज्याला आपण वाफसा म्हणतो, म्हणजे ओलही आहे आणि हवाही आहे, ती अवस्था प्लगमध्ये आपोआप येत नाही, ती आणावी लागते.

ती आणायची कशी? प्लग कोमट पाण्यात वीस मिनिटं फुगू द्या. मग ट्रेमध्ये ठेवण्याआधी तारेच्या जाळीवर किंवा उलट्या क्रेटवर तासभर उभे ठेवा. नंतर कोरड्या वर्तमानपत्राच्या जाड घडीवर किंवा कोरड्या बारीक वाळूच्या थरावर टेकवा. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण तळाशी अडकलेलं पाणी कागद ओढून घेतो, कारण त्याला खाली उतरायला वाट मिळते. एक प्लग उचलून दोन बोटांत हलकेच दाबा. एखाद-दुसरा थेंब आला तर पेरायला तयार. धार आली तर अजून थांबा.

पेरल्यानंतर घड्याळाकडे बघून पाणी द्यायचंच नाही. आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना पहिले काही दिवस मी फक्त ट्रे उचलायला लावतो. पाणी दिलेला ट्रे, दुपारचा ट्रे, पाण्यावर आलेला ट्रे, या तिन्हींचं वजन हाताला कळायला लागलं की मगच झारी हातात द्यायची. घरी तुम्ही हेच एकेका प्लगवर करू शकता. रंगही सांगतो : ओलं कोकोपीट गडद चॉकलेटी दिसतं, सुकायला लागलं की वरून फिकट तपकिरी होतं. वरचा अर्धा सेंटीमीटर फिकट झाला आणि प्लग हाताला हलका लागला की पाणी द्या, तेही सकाळी. डिसेंबरात पुण्यात हे रोज होणार नाही, तीन दिवसांतून एकदा होईल. एप्रिलमध्ये दिवसातून दोनदाही द्यावं लागेल. संध्याकाळचं पाणी थंडीत टाळाच, रात्रभर बुंधा ओला राहतो आणि नेमकं तेच बुरशीला हवं असतं.

तुमचा टोमॅटो मर रोगानं गेला. रोप जमिनीलगत सुतासारखं बारीक होतं, पाणी भरल्यासारखं दिसतं आणि पानं हिरवी असतानाच आडवं पडतं. पिथियम आणि रायझोक्टोनिया या बुरशींचं हे काम. आडव्या पडलेल्या रोपाला औषध नाही, ते प्लगसकट बाहेर काढा आणि तो प्लग पुन्हा वापरू नका. पुढच्या वेळी पेरणीच्या वेळीच ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी द्या, म्हणजे मुळीभोवतीची जागा आधीच त्याच्या ताब्यात राहते. पण ट्रायकोडर्मा टाकून वर रोज दोन वेळा पाणी, हे चालणार नाही. बाजारातलं संकरित बी बहुतेक वेळा गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असतं, तो थायरमसारख्या बुरशीनाशकाचा लेप असतो. तो धुऊन काढू नका आणि पेरल्यावर हात मात्र साबणानं धुवा.

वर हिरवं शेवाळ धरलेलं असेल आणि बारीक काळ्या माश्या घोंघावत असतील, तर तीही जास्त पाण्याचीच खूण समजा. त्या माश्यांच्या अळ्या कोवळ्या मुळ्या आणि काडीचा तळ कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावा, पण खरा उपाय वरचा थर सुकू देणं हाच.

आता मिरची. टोमॅटो आणि ढोबळी मिरची एका ट्रेमध्ये पेरणं हीच अडचण. दोघांनाही २५ ते ३० अंश लागतात, तेवढी ऊब मिळाली तर टोमॅटो पाच-सहा दिवसांत आणि मिरची आठ ते बारा दिवसांत वर येते. पण ऊब कमी झाली की टोमॅटो नुसता रेंगाळतो, मिरची मात्र अडून बसते. पंधरा अंशांखाली ती जवळपास हलतच नाही. पुण्यात डिसेंबरच्या रात्री १० ते १२ अंशांपर्यंत उतरतात, आणि ओला प्लग हवेपेक्षाही गार असतो, कारण पाण्याची वाफ होताना ऊब निघून जाते. एक प्लग उकरून बी नखावर घ्या. टणक आणि पिवळट असेल तर अजून जीव आहे. दाबल्यावर मऊ लागून पाणी सुटलं तर गेलं.

रोपवाटिकेत आम्ही पेरलेले ट्रे एकावर एक रचतो आणि प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस ऊब देतो, मिरचीला त्याहून जास्त. घरी पेरलेला ट्रे पारदर्शक झाकणाखाली स्वयंपाकघरात ठेवला तरी चालतो. टोमॅटो-मिरचीच्या बियाला उगवायला उजेड लागत नाही. पण पहिला वाकडा कोंब दिसला की त्याच दिवशी ट्रे उजेडात, आणि झाकण बाजूला. इथे एका दिवसाचा आळसही महागात पडतो. अंधारात एक रात्र जास्त राहिलेलं रोप ताणलं जातं, आणि ताणलेलं रोप पुन्हा आखूड होत नाही. शिडशिडीत रोपाला लोक खत देतात, त्यानं ते आणखी लांबतं. त्याला ऊन हवं असतं. गच्चीत तुमच्याकडे ऊन भरपूर आहे. पहिले दोन दिवस सकाळचं द्या, मग दिवसभराचं.

बी किती खोल टाकायचं यातही प्लग फसवतात. चकतीला तयार भोक असतं आणि ते मिरचीच्या बियाला खोल पडतं. बियाच्या जाडीच्या दोन-तीन पट खोली पुरे, म्हणजे टोमॅटो-मिरचीला अर्धा सेंटीमीटर. भोक अर्धं सुट्या कोकोपीटनं भरा, बी ठेवा, वर चिमूटभर व्हर्मिक्युलाइट (भाजून फुगवलेलं हलकं खनिज) किंवा बारीक कोकोपीट. वरून झाकलंच नाही तर दुसरी अडचण येते : कोंब बियाचं टरफल डोक्यावर घेऊनच वर येतो आणि पहिली दोन पानं त्यात अडकतात. सालाद म्हणजे लेट्यूस आणि पिटुनियाचं बी मात्र झाकू नका, त्यांना उजेड लागतो. लेट्यूस उलट उन्हाळ्यात अडतो, ३० अंशांच्या आसपास त्याचं बी झोपी जातं.

प्लगचे प्रकार थोडक्यात सांगतो, कारण दुकानात सगळेच एका नावानं विकतात. नारळाच्या काथ्याच्या भुश्श्याचे प्लग आपल्याकडे सर्वांत स्वस्त आणि सोयीचे, सुकले तरी पुन्हा पाणी पितात. पीट मॉसचे, म्हणजे दलदलीतल्या कुजलेल्या शेवाळाचे, बहुतेक आयात होतात, त्यांत बी छान उगवतं, पण एकदा खडखडीत सुकले की पाणी वरून निथळून जातं आणि आत शिरत नाही. हायड्रोपोनिक्सवाले, म्हणजे मातीशिवाय नुसत्या पाण्यावर पिकं घेणारे, फोमचे किंवा रॉकवूलचे ठोकळे वापरतात. रॉकवूल म्हणजे बसाल्टसारखा दगड वितळवून त्याचे धागे ओढलेले, आपला सह्याद्री ज्या जातीच्या काळ्या पाषाणाचा, तोच. त्याचा सामू (पीएच) सात-साडेसातच्या वर असतो, म्हणून साडेपाच सामूच्या पाण्यात भिजवूनच वापरायचा. गच्चीवरच्या कामाला मी फोम किंवा रॉकवूल सुचवणार नाही, त्यांत एक दिवस पाणी चुकलं तर सावरायला काहीच शिल्लक नसतं.

कोकोपीटबद्दल एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, कारण ती पाकिटावर नसते. नारळ किनारपट्टीवरचा, काथ्या अनेकदा खाऱ्या पाण्यात कुजवलेला, म्हणून भुश्श्यात सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड मुरलेलं असतं. चांगला कारखाना ते धुऊन देतो. न धुतलेल्या मालात उगवण कमी होते आणि पानांच्या कडा करपतात. बरेच जण तपकिरी पाणी जाईपर्यंत धुतात आणि क्षार गेले असं समजतात. तो रंग टॅनिनचा, म्हणजे काथ्यातल्या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो. पाणी स्वच्छ दिसायला लागलं तरी क्षार आत असू शकतात, आणि पाणी तपकिरी असतानाही माल चांगला असू शकतो. ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप. त्याचा मीटर मिळाला तर आरओच्या पाण्यात भिजवलेला प्लग पिळून त्या पाण्याचा ईसी बघा, एक मिलीसिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आत हवा. मीटर नसेल तर लिटरला एक-दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात प्लग रात्रभर ठेवा आणि सकाळी साध्या पाण्यानं दोनदा धुऊन निथळू द्या. भुश्श्याला चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम कॅल्शियमच्या बदल्यात सुटतं. नुसत्या पाण्यानं ते पूर्ण सुटत नाही.

पाण्याचंही तसंच. तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर ते जड असणार. कुंडीतली माती त्याचा त्रास बराच सोसते, एवढ्याशा प्लगला ते जमत नाही. सामू हळूहळू चढतो आणि रोपाची नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या अशी दिसायला लागतात. लोह कमी नसतं, चढलेल्या सामूमुळे मुळीला ते उचलता येत नाही. शक्य असेल तर प्लगसाठी नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी ठेवा. ते नसेल तर लिटरभर पाण्यात सायट्रिक ॲसिडचे अगदी थोडे दाणे टाकून सामू सहाच्या आसपास आणा, पट्टीनं तपासत.

खत पहिल्या दोन दलांपर्यंत अजिबात नको, बियात शिधा असतो. पहिलं खरं पान दिसलं की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) लिटरला पाव ग्रॅम, आठवड्यातून दोनदा पाण्याऐवजी. दोन-तीन खरी पानं झाली की अर्धा ग्रॅम. मध्ये एकदा कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम द्या, पण दोन्ही एका बादलीत कालवू नका, कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून खाली साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

आता काड्या. इथे लोकांचा हात सर्वांत जास्त चुकतो, आणि त्याचं कारण साधं आहे : काडीला मुळ्या नाहीत, म्हणून ती खालून पाणी पिऊ शकत नाही, आणि आपण मात्र खालीच पाणी ओतत राहतो. तिचं पाणी पानांतून उडत असतं. त्यामुळे ओलावा हवेत हवा, प्लगमध्ये नको. आमच्याकडे काड्यांच्या वाफ्यावर दिवसा दर पाच-दहा मिनिटांनी काही सेकंदच धुक्यासारखा फवारा येतो. पानावर दव बसतं, प्लग चिंब होत नाही. घरी यासाठी पारदर्शक डबा किंवा मोठी प्लास्टिकची पिशवी पुरते. आतून बाष्प धरलं पाहिजे, थेंब टपकता कामा नयेत. थेट ऊन नको, आत भट्टी होईल. खिडकीतला लख्ख उजेड हवा. मुळ्या सुटायला लागल्या की आठवडाभरात झाकण थोडं थोडं उघडत न्या, एकदम काढलं तर काडी एका दुपारीत मान टाकते.

गुलाबाच्या काड्या खालून काळ्या पडल्या त्याची तीन कारणं असू शकतात, आणि तुमच्याकडे बहुधा पहिलं. काडी प्लगच्या पार तळापर्यंत खोचली असेल, तर तिचं कापलेलं टोक नेमकं त्या कायम भिजलेल्या थरात बसलं. काडी प्लगमध्ये दोन सेंटीमीटर जाऊ दे आणि टोक तळापासून किमान एक सेंटीमीटर वर राहू दे. दुसरं, तयार भोक काडीपेक्षा मोठं असतं. काडी त्यात हलते, भोवती पोकळी राहते आणि मुळीचा उंचवटा आला तरी तो हवेतच सुकतो. काडी ठेवल्यावर दोन बोटांनी प्लग चहूबाजूंनी दाबून घ्या. तिसरं, रुटिंग हार्मोनची म्हणजे मुळ्या फुटण्यासाठी लावायची पावडर जास्त लागली. टोक पावडरीत टेकवा आणि काडी कडेवर टिचकी मारून जास्तीची झाडा. हार्मोन जास्त झालं की तळ करपतो. मोजून करायचं असेल तर इंडोल ब्युटीरिक ॲसिड म्हणजे आयबीए थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून लिटरला एक ग्रॅम घेतलं की १००० पीपीएम होतं. कोवळ्या काडीला ५०० ते १०००, गुलाबासारख्या अर्धपक्व काडीला १००० ते २०००, आणि बुडवायचं पाच ते दहा सेकंदच. कोरफडीचा गर, मध, दालचिनी यांनी नुकसान होत नाही. पण ज्या काडीला तशाही मुळ्या फुटणार असतात तिलाच त्यानं फुटतात असं माझं मत आहे, आणि हार्मोनची पुडी काही महाग नाही.

काडी लांब घेण्याचा मोह आवरा. मातीत वीतभर काडी लावायची आपली सवय आहे, प्लगमध्ये ती डोलते. दोन पेरांची, सात-आठ सेंटीमीटरची काडी घ्या. गुलाबाची तर एका पेराची, एक पूर्ण पान असलेली काडीही चालते. फूल झडून गेलेल्या फांदीचा मधला भाग घ्या, तोही सकाळी, झाड पाण्यानं भरलेलं असताना. सगळी पानं काढून टाकू नका. मुळी घडायला लागणारी साखर तेच पान तयार करतं. बुकेतल्या गुलाबाच्या काड्या आणल्या असतील तर त्यांचं दुःख करू नका, ती फुलं शीतगृहातून आलेली असतात आणि त्या जातीही स्वतःच्या मुळांवर कमकुवत असतात, म्हणून आपल्याकडे त्यांचा डोळा खुंटावर भरतात. गावठी गुलाबाच्या काडीला तीन-चार आठवड्यांत मुळ्या येतात.

काडी ओढून बघू नका. मुळ्या आल्यात का ते प्लग उचलून तळ बघितल्यावर कळतं. पहिली पांढरी मुळी जाळीतून डोकावली की समजायचं.

शेवंतीचं कारण ऋतूचं. शेवंती लहान दिवसांत कळी धरते. डिसेंबरात काढलेली काडी आधीच फुलाच्या मार्गाला लागलेली असते, तिचा सगळा जोर कळीत जातो, मुळीकडे नाही. फुलं संपली की झाड जमिनीपासून पाच-सहा बोटांवर छाटा, हलकं खत-पाणी द्या. फेब्रुवारी-मार्चनंतर बुडातून काश्या म्हणजे नवे कोंब वर येतील. त्या कोवळ्या काश्यांचे शेंडे पाच-सहा सेंटीमीटरचे काढून प्लगमध्ये लावा, हार्मोन नाही दिलं तरी दहा ते पंधरा दिवसांत मुळ्यांची जाळी दिसेल. शेवंतीएवढं भरवशाचं पीक प्लगला दुसरं नाही. सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच लावायला सांगतो.

चकत्या ट्रेमध्ये खेटून ठेवू नका हेही लक्षात घ्या. सपाट तळाच्या ट्रेमध्ये मुळी बाहेर आली की शेजारच्या प्लगमध्ये घुसते, आणि उचलताना तुटते. प्लग तारेच्या जाळीवर, बोटभर अंतरानं उभे असले की मुळीचं टोक हवेत येऊन सुकतं, आणि आतल्या आत तिला फाटे फुटतात. लागवडीनंतर जोर धरते ती हीच फाटे फुटलेली मुळी.

पाच गुंठ्यांसाठी या चकत्या घेऊ नका. टोमॅटो पाच फूट बाय दीड फूट लावला तर सव्वासातशे रोपं लागतात, नांगे म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा भरायला धरून आठशे समजा. तेवढ्यांना ९८ कप्प्यांचे नऊ प्रो-ट्रे (रोपांसाठीचे कप्प्यांचे प्लास्टिक ट्रे) आणि पाच किलोची कोकोपीटची एक वीट पुरून उरते, आणि खर्च कितीतरी कमी येतो. ग्रॅमला साधारण तीनशे बिया बसतात, म्हणजे बीही तीन ग्रॅमच लागेल. चकत्या काड्यांसाठी, महागड्या थोड्या बियांसाठी आणि काकडी-कलिंगडासारख्या मुळी दुखावलेली न चालणाऱ्या वेलींसाठी ठेवा. टोमॅटोचं रोप २१ ते २५ दिवसांत, ढोबळीचं ३५ ते ४० दिवसांत, वेलींचं १२ ते १५ दिवसांतच शेतात गेलं पाहिजे. कप्प्यात जास्त दिवस थांबलेल्या रोपाच्या मुळ्या गोल फिरतात आणि लागवडीनंतर ते बसल्या जागी अडून राहतं. शेवटचे पाच-सहा दिवस पाणी थोडं ताणून उघड्या उन्हात ठेवा. पांढरी माशी रोपावर विषाणू आणते, म्हणून तोवर ट्रे बारीक जाळीखालीच हवेत.

काळ्या जमिनीत लावताना एका गोष्टीनं शेतकरी हमखास हैराण होतात. सरी ओली, माती हाताला चिकटतेय, आणि रोप मात्र दुपारी सुकलेलं. ते उपटून बघितलं तर मुळ्यांची ढेप म्हणजे प्लग कोरडा ठणठणीत निघतो. काळ्या मातीची छिद्रं कोकोपीटपेक्षा फार बारीक, ती प्लगमधलं पाणी स्वतःकडे ओढून घेते आणि परत देत नाही. मुळ्या अजून प्लगच्या बाहेर गेलेल्या नसतात, त्यामुळे भोवती पाणी असूनही रोप तहानलेलं राहतं. म्हणून लागवडीच्या आधी ट्रे पाण्यात बुडवून काढा, ढेप हातानं हलकी दाबून मातीला चिकटवा, आणि प्लगचा माथा बोटभर मातीखाली जाऊ द्या. माथा उघडा राहिला तर तो वातीसारखा आतलं पाणी हवेत सोडत राहतो. टोमॅटो जरा खोल गेला तरी चांगलं, त्याच्या खोडालाही मुळ्या फुटतात. कलमी रोप असेल तर मात्र सांधा मातीच्या वर हवा. ठिबकचा थेंब पहिले चार-पाच दिवस अगदी प्लगवर पडला पाहिजे, वीतभर बाजूला नाही. आंबवणी (लागवडीनंतर तीन-चार दिवसांनी द्यायचं हलकं पाणी) झाल्यावर, मुळी मातीत शिरली की नळी सरकवा. चकतीची जाळी ब्लेडनं दोन ठिकाणी चिरून लावा, साधी प्लास्टिकची जाळी मातीत वर्षानुवर्षं तशीच राहते आणि बुंधा जाडावला की आवळते.

सध्या ट्रेमध्ये जे उरलंय त्याचं असं करा. आडवे पडलेले टोमॅटो प्लगसकट काढून टाका. मिरचीचं बी टणक असेल तर ते प्लग कागदावर टेकवून निथळू द्या आणि घरात उबेत आठ-दहा दिवस ठेवा, पाणी न देता. शेवंतीच्या कळ्या खुडा आणि काड्या तशाच राहू द्या, एखाद-दुसरी जगेल. आईझाड मात्र नीट सांभाळा. गुलाबाची काडी काढून काळ्या भागाच्या वर, पेराच्या खाली धारदार कटरनं काप द्या. आतला गाभा हिरवट-पांढरा दिसला तर नवा प्लग घ्या, टोक तळापासून वर ठेवून पुन्हा लावा आणि पिशवीत झाका. तपकिरी दिसला तर वरच्या पेरापर्यंत कापत जा, आणि तिथेही तपकिरीच निघाला तर ती काडी सोडून द्या.